दुसरा ब्रेक

६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

नमस्कार-चमत्कार मागून, आधी भांडण. तुझ्यावर कोर्टात खटला उभा राहतो आणि मला ते बाळकडून कळतं, तेही फोन ठेवता ठेवता! "अगं ताई, हिला समन्स आलंय, बाकी सगळं ठीक." बाकी काय ठीक असणार, डोंबल! लगेच तुला फोन लावला तर तू आपली "हो वन्सं, बघते वन्सं, विद्यार्थी थांबलाय वन्सं." म्हणून हे पत्र, तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. पत्राला नुसतं 'हो वन्सं' म्हणून ठेवून देता येत नाही.

बाळकडून कळलं ते एवढंच, की तुझ्या शिकवणीच्या गाडीने लाल सिग्नल तोडला आणि कुंड्या घेऊन जाणारा एक सायकलवाला आडवा झाला. त्याला नशिबाने खरचटलंही नाही. पण पोलिसांनी दोन आरोप ठेवलेत, एक सिग्नल तोडल्याचा आणि दुसरा धोकादायक गाडी चालवल्याचा. दुसरा सिद्ध झाला तर तुझा शिकवायचा परवाना जाणार, आणि परवाना गेला की ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप. असंच ना?

अगं, आईची शिवणाची खोली रिकामी करून तू तिथे टेबल टाकलंस, तेव्हा सगळ्यांत आधी नाक मी मुरडलं होतं. आता तुमच्या भागातल्या निम्म्या बायका तुझ्या हाताखालून गेल्यात. ती शाळा एका सिग्नलपायी बुडायची म्हणजे काय! गाडी चालवत कोण होतं? शिकाऊ असेल तर त्याचं खापर तुझ्या डोक्यावर का? आणि वकील केलास का? केला नसणारच. तुझा स्वभाव मला पाठ आहे, 'माझं मी बघेन.' दाढ दुखली म्हणून आपण घरची पक्कड घेऊन बसतो का?

आईच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नकोस. तिला उगाच घोर लागेल.

तुझी,
वन्सं

*

१३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार, आणि भांडण पोचलं. पत्र शाळेवर पाठवलंत ते फार बरं केलंत. पुढचीही इथेच पाठवा. घरी टपाल आधी आईंच्या हाती पडतं, आणि पाकिटावर नाव कोणाचं आहे हे त्या उघडून झाल्यावर बघतात.

आता काय झालं ते सांगते. शिकाऊ बाई होत्या, वयाने बऱ्याच मोठ्या. वाचनालयाच्या चौकात लाल दिवा लागला तशा पांढऱ्या पट्ट्याच्या मागे थांबल्या, अगदी पुस्तकात लिहिलंय तशा. मी मनात म्हटलं, वा! तेवढ्यात मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, आणि नंतर दाबूनच धरला. बाईंनी आरशात पाहिलं, "त्याला घाई असेल बिचाऱ्याला," म्हणाल्या आणि त्याला वाट द्यायला गाडी पुढे काढली. दिवा लालच. जन्मभर दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायची सवय, ती स्टीयरिंग हातात आलं म्हणून थोडीच सुटते? सायकलवाल्याने चाक वळवलं, फुटपाथला धडकला, कुंड्या फुटल्या. खाली उतरून बाई त्याची माफी मागत होत्या आणि तो जास्वंदीकडे बघत बसला होता.

तुम्ही म्हणाल, तुझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो तो काय शोभेला? तो प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. एरवी डोक्याच्या आधी माझा पाय जातो. त्या दिवशी नाही गेला. का नाही गेला ते मला ठाऊक आहे, पण लिहायची लाज वाटते. आत्ता नको.

वकिलाचं म्हणाल तर एकाकडे जाऊन आले. त्याने कागदातून मान वर न काढता विचारलं, "शिकाऊ कोण? तिच्यावर ढकलता येईल." मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. वन्सं, पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगते, या गाडीत झालेली चूक माझी, तुम्ही फक्त शिका. ते ऐकल्याशिवाय माणसाचे खांदे खाली येत नाहीत. आता कोर्टात उभी राहून 'चूक तिची' म्हणू? शिवाय त्यांच्यावर ठपका आला तर त्यांना परीक्षेला बसायची बंदी होईल. विशीतल्या पोराला बंदी झाली तर तो पुन्हा येतो. या बाईंचं तसं नाही.

बाकी खरंच ठीक आहे. तुमचे बंधुराज दुकानात चष्म्यांच्या काचा घासतायत आणि मला धीर देतायत, म्हणजे काही बोलत नाहीत. आई मजेत. हल्ली दुपारच्या झोपत नाहीत, तब्येत चांगली टवटवीत आहे.

तुमची,
वहिनी

*

१९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने काम केलं. ऐक. काल आमच्या एक्स-रे विभागात एक वकील आले, घोटा मोडलेले. जिन्यावरून पडले म्हणे. मी त्यांना टेबलावर झोपवलं, पाय सरळ केला, "आता अजिबात हलायचं नाही," म्हटलं आणि तुझी सगळी केस सांगितली. फोटो होईपर्यंत त्यांना ऐकणं भाग होतं. माणूस सज्जन निघाला. तशा अवस्थेतही विचार करून बोलला.

म्हणाले, "सरळ मार्ग म्हणजे शिकाऊ बाईला साक्षीला बोलवायचं. मास्तरीण थांबा म्हणाली, बाईंनी ऐकलं नाही. प्रकरण संपलं." मी म्हटलं, आमची मास्तरीण तत्त्वाची आहे. तर म्हणाले, "मग कठीण आहे."

वहिनी, तत्त्व लोणच्यासारखं असावं गं, तोंडी लावण्यापुरतं! त्या बाईचा तुला एवढा पुळका का? मला तर तिचाच राग येतो. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. या वयात हिला स्टीयरिंग कशाला हवं? घरी लेक-सून कोणी नाही का न्यायला-आणायला? आणि असतील तर त्यांनी तरी आवरायला नको? हॉर्न वाजला म्हणून लाल दिव्यात गाडी घालणारी बाई उद्या घंटा वाजली म्हणून विहिरीत गाडी घालेल. हौस हिची आणि शाळा बंद पडणार तुझी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

माझं ऐक. लाज सोड, बाईचं नाव सांग आणि वकील कर. हे रागाने लिहितेय असं वाटेल, पण राग नाही, तुझी काळजी आहे.

तुझी,
वन्सं

*

२५ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या लेकीस,

आशीर्वाद. पुष्कळ द्यायचे होते, पण तुझं पत्र वाचल्यावर थोडे राखून ठेवलेत.

तू सवयीने घरचा पत्ता घातलास. नाव सुनेचं होतं, पण अक्षर तुझं होतं, आणि लेकीचं अक्षर दिसलं की पत्र माझंच, असा या घरात आजवरचा रिवाज आहे. उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं.

ती बाई मी.

साठी नाही, सत्तरीला टेकले. शिव्या द्यायच्या तर वयाचा हिशेब तरी बरोबर कर. आणि विहिरीत मी गाडी घालणार नाही, तेवढं मला दिसतं. तुझ्या भावाने लांबचं बघायचा चष्मा करून दिलाय. कशाला हवा असं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक आहे.

तुझ्यापासून लपवलं, कारण कळलं असतं तर तू माझ्या गुडघ्यांचे फोटो काढून मलाच दाखवले असतेस. स्टीयरिंग कशाला हवं, असं विचारलंस ना? ऐक. तुझे बाबा होते तोवर गाडी त्यांची होती, मी मागे बसायचे. मग तू नेलंस, बाळने नेलं, सुनेने नेलं. कोणी कधी तोंड वाकडं केलं नाही, खोटं कशाला बोलू. पण दर वेळी मला विचारावं लागायचं, "तुला वेळ आहे का गं?" मला कुठे लांब जायचं नाही. मला फक्त एकदा कोणाला न विचारता घरातून निघायचंय.

शिकवायला सुनेलाच गळ घातली. दुपारी, तिचे विद्यार्थी नसताना. फार छान शिकवते. क्लच कसा सोडायचा ते सांगताना तिचा आवाज इतका मऊ होतो की गाडीलाही कळतं.

आता कामाचं. ती मला वाचवायला बघतेय आणि त्यात स्वतः बुडणार. तुझ्या त्या प्लॅस्टरवाल्या वकिलांना विचार, मी कोर्टात उभी राहून 'सगळी चूक माझी, सुनेचा संबंध नाही' म्हटलं तर तिचा परवाना वाचेल ना? माझी परीक्षा गेली तर गेली. सुनेला हे सांगितलं तर ती नुसती मान हलवते. हो की नाही, कळत नाही. या घरात आल्यापासून तिने मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. मी त्याला चांगलं वळण समजत आले. हल्ली वाटतं, तिच्या मनात काय आहे ते मला कधी कळलंच नाही.

राखून ठेवलेले आशीर्वाद देऊन टाकते. रागावून फार वेळ बसायची मला सवय नाही.

आई

*

३ मार्च

आई आणि वहिनी, दोघींना एकत्र,

हे पत्र दोघींनी मिळून वाचा, म्हणजे मला एकदाच शरमेने मान खाली घालता येईल.

आई, तुझं पत्र मी दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्यात वाचलं, फोटो धुतात तिथे. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा 'विहिरीत' आठवून हसले. मी तुला इतक्यांदा न्यायला आले, सोडायला आले आणि वाटायचं, लेक म्हणून किती करते मी! तुला विचारावं लागतं हे कधी डोक्यातच आलं नाही. रोज माणसांच्या आतलं बघते आणि घरची आई दिसली नाही. गुडघ्यांचे फोटो नक्की काढले असते, ते मात्र तू बरोबर ओळखलंस.

वकील प्लॅस्टर दाखवायला पुन्हा आले होते. "ती शिकाऊ बाई म्हणजे माझी आई," असं सांगितलं तर ते इतके हसले की फोटो हलला, दुसरा काढावा लागला. मग मात्र गंभीर झाले. म्हणाले, आईंनी सगळं स्वतःवर घेतलं तर परवाना वाचेल, पण परीक्षा विसरा. वहिनीने सगळं स्वतःवर घेतलं तर उलटं. स्वतः यायची त्यांची तयारी आहे. "पण मी आलो तर मला एकीकडे बोट दाखवावंच लागेल. ते त्यांना चालणार नसेल तर माझ्या येण्याने त्रासच होईल," असं म्हणाले. तरी एक सांगितलंय, ते दोघी पाठ करा. सिग्नल तोडला ते कबूल करायचं. धोकादायक चालवली ते कबूल करायचं नाही, घाबरून 'सगळं मान्य' म्हणायचं नाही. आणि विचारतील तेवढंच बोलायचं.

वहिनी, मला अजूनही वाटतं वकील करावास. तुझी शाळा गेली तर तू 'ठीक आहे वन्सं' म्हणशील, आणि ते मला ऐकवणार नाही. पण निर्णय तुझा. या खेपेला मी तुला दामटणार नाही. कठीण जातंय, पण नाही.

तुमची,
खजील

*

२१ मार्च

वन्सं,

झालं एकदाचं. पहिल्यांदा निकाल सांगते, नाहीतर तुम्ही ओळी गाळत शेवटाकडे पळाल. परवाना राहिला. सिग्नलचा दंड झाला. आईंवर ठपका नाही.

आता सावकाश वाचा.

वकील केला नाही. सकाळी आईंनी इस्त्रीचे कपडे घातले, लांबचा चष्मा लावला आणि रिक्षात बसल्या. गाडी चालवत कोर्टात जाणं बरं दिसलं नसतं, असं त्याच म्हणाल्या. आत लाकडी बाकं, पंख्याची घरघर, आमच्या आधी एक ट्रकवाला, 'माल जास्त नव्हता, ट्रक लहान होता' असं पटवून देत होता. मी समन्सची घडी घालत होते आणि पुन्हा उलगडत होते. एवढ्या लोकांना 'घाबरू नका' म्हणत आले, ते किती फुकट सांगत होते ते कळलं.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट एक बाई होत्या, फार बोलणाऱ्या नव्हेत. कुंड्यावाल्याने साक्ष दिली. म्हणाला, "गाडी मुंगीसारखी येत होती. मीच घाबरून चाक वळवलं. मला काही झालं नाही, जास्वंद गेली." मी सिग्नलचं कबूल केलं, दुसरं नाही. इथपर्यंत तुमच्या वकिलांनी सांगितलं तसंच.

मग मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, "तुमच्या बाजूला ब्रेक आहे ना? चालू होता?"

"हो."

"पाय पोचत होता?"

"हो."

"मग मारला का नाही?"

वन्सं, विचारतील तेवढंच बोलायचं होतं. पण त्यांनी हेच विचारलं होतं. मी म्हटलं, "त्या माझ्या सासूबाई आहेत."

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं, मग सगळेच हसले. मॅजिस्ट्रेट बाई हसल्या नाहीत. "पुढे बोला," म्हणाल्या. मी सांगितलं, "मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना कधी अडवलं नाही. त्या वाईट आहेत म्हणून नाही, चांगल्या आहेत म्हणून. त्या दिवशी पाय उचलला होता. पण त्यांनी ठरवलंय आणि आपण मध्ये कसं पडायचं, असं वाटलं. तेवढ्यात गाडी पुढे गेली होती. त्यांना शिकायचं होतं, थांबवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

हीच ती लिहायची लाज वाटत होती ती गोष्ट. वकील असता तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला असता.

त्यांनी आईंना विचारलं, काही सांगायचंय का. आई तयारीने आल्या होत्या, सगळी चूक माझी म्हणायच्या. पण उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "सून खरं बोलतेय. मला हे आत्ता कळलं."

मॅजिस्ट्रेट बाईंनी बराच वेळ लिहिलं. निकाल सांगितला, तुम्हाला वर सांगितलाच. मग पेन खाली ठेवून मला म्हणाल्या, "हे मी लिहीत नाही, सांगते. जिला अडवता येत नाही तिला शिकवू नका. किंवा अडवायला शिका." तेवढ्यात पुढचा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आई म्हणतील, चल, दुसरा मास्तर शोधू. त्यांनी रिक्षाला हात केला. घरी येऊन चहा केला, माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी मोकळी आहेस का? मैदानावर जाऊ. आता मी शिकवते."

वन्सं, दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या रिकाम्या मैदानावर तुमच्या आईंनी मुद्दाम चुका केल्या. खांबाकडे गाडी नेली. "मार." माझा पाय उचलायचा आणि तसाच राहायचा, त्यांनाच थांबावं लागायचं. कुंपणाकडे नेली. "मार की गं!" "आई, तुम्हीच थांबा ना," मी म्हटलं. "मी थांबणार नाही. जन्मभर मीच थांबले," म्हणाल्या. काय सांगू, घामाघूम झाले. शिकाऊ म्हणून कधी इतकी वाईट नव्हते मी.

काल परत येताना खरोखरच्या रस्त्यावर त्या डावीकडे वळायला निघाल्या. आरसा बघायच्या विसरल्या. बाजूने मोटारसायकल येत होती. मला विचार करायला वेळच मिळाला नाही. पाय गेला. गाडी गचकन थांबली, आईंचा चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला, मोटारसायकल निघून गेली आणि मी ओरडले, "आई, नाही! आधी बघायचं!" इतक्या मोठ्याने ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

गाडी बंद पडली होती. आईंनी चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर ठेवला. मी म्हटलं, चुकलं, आता काय बोलतात! त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या गालावर हात ठेवला.

"इतकी वर्षं पाहुणीसारखी राहिलीस," म्हणाल्या. "आज घरी आलीस."

शाळा वाचली याचा आनंद होताच, वन्सं. पण मी रस्त्याच्या मधोमध, थांबलेल्या गाडीत रडले ते त्यासाठी नव्हे.

तुमची,
वहिनी